पानाआधी फांदी बघा: उत्तर अमेरिकेतली हार्डवुड झाडं कशी ओळखावीत आणि त्यांचं लाकूड कुठे वापरावं

पान हातात घेऊन झाड ओळखायला बसलं की हमखास फसगत होते. एकाच ओकच्या शेंड्यावरचं, उन्हात वाढलेलं पान खोल कातरलेलं असतं आणि खालच्या सावलीतलं पान रुंद, उथळ असतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर ती वेगळ्या झाडांची वाटतील. फांदीवर पानांची मांडणी कशी आहे ही गोष्ट मात्र सहसा बदलत नाही. म्हणून सुरुवात पानाच्या आकारापासून न करता फांदीपासून करायची. ही एक सवय लागली की न्यू जर्सी, मिशिगन किंवा ऑन्टारिओतल्या घरामागच्या बहुतेक झाडांची ओळख पाच मिनिटांत लागते.

इथली माहिती खंडाच्या पूर्व भागातल्या झाडांची आहे. वरती क्वेबेक आणि मेनपासून खाली जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला मिनेसोटापर्यंतच्या रानात ही झाडं आढळतात.

आधी ‘हार्डवुड’ या शब्दाविषयी

हार्डवुड म्हणजे टणक लाकूड असं समजू नका. रुंद पानांच्या, फुलं येणाऱ्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड. पाइन, स्प्रूस अशा सुयांसारख्या पानांच्या झाडांचं ते सॉफ्टवुड. टणकपणा जांका या चाचणीने मोजतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती पौंड बळ लागतं, तो आकडा. हिकरी १८२०, शुगर मेपल १४५०, व्हाइट ओक १३६०, ॲश १३२०, रेड ओक १२९०, अक्रोड १०१०, चेरी ९५०, ट्यूलिप पॉपलर ५४० आणि बासवुड जेमतेम ४१०. आपलं सागवान हजाराच्या आसपास येतं. दक्षिणेतला लाँगलीफ पाइन सॉफ्टवुड असूनही ८७०, म्हणजे बासवुडच्या दुप्पट टणक. दुकानात नुसतं ‘हार्डवुड’ लिहिलेलं पाहून पैसे मोजू नका, झाडाचं नाव विचारा.

हात लावण्यापूर्वी

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, धारदार छोटा चाकू आणि मोजपट्टी एवढं पुरे. राष्ट्रीय उद्यानात पडलेलं पानसुद्धा उचलून नेऊ नये. तिथे फोटो काढा. फोटो चार हवेत: फांदी, पानाच्या दोन्ही बाजू, साल आणि फळ. झाडाखाली पडलेलं फळ शेजारच्या झाडाचंही असू शकतं, तेव्हा मान वर करून फांदीवर तसंच फळ आहे का ते बघा.

पॉइझन आयव्हीची ओळख सगळ्यात आधी करून घ्या. ही वेल खोडावर चढते, तिचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं, म्हणजे एकाच देठावरच्या तीन छोट्या पानांचं असतं आणि जुन्या वेलीच्या खोडावर दोरखंडासारखी केसाळ मुळं दिसतात. बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातली ही वनस्पती. बिब्बा उततो, म्हणजे अंगावर खाज आणि फोड येतात, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात पानं नसतानाही वेल तेवढीच उतते आणि जाळली तर धुरातून फुप्फुसांना इजा होते. वेल गुंडाळलेलं ओंडकं सरपणात कधीच घेऊ नका.

बॉक्सएल्डर नावाच्या मेपलच्या रोपालाही तीन पर्णिकांची पानं येतात आणि तो हुबेहूब पॉइझन आयव्हीसारखा दिसतो. फरक पुढच्या पहिल्याच पायरीत आहे.

पायरी पहिली: समोरासमोर की एकाआड एक

यंदा वाढलेली कोवळी काडी घ्या आणि पानं किंवा डोळे काडीवर कसे बसलेत ते बघा. एकाच पेरावर दोन्ही बाजूंना जोडी असेल तर मांडणी समोरासमोरची. एक डावीकडे, थोडं पुढे एक उजवीकडे, अशी असेल तर एकाआड एक. किमान चार-पाच पेरं तपासा, कारण जोडीतली एक काडी वाऱ्याने मोडलेली असते आणि एकाच पेरावर भरवसा ठेवला की चुकतं.

समोरासमोर मांडणीची मोठी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत: मेपल, ॲश, बकआय आणि त्याच्याच वंशातला हॉर्स चेस्टनट, कटाल्पा, आणि लहान झाडांत डॉगवुड. ओक, हिकरी, अक्रोड, चेरी, बर्च, बीच, एल्म ही सगळी एकाआड एक. बॉक्सएल्डर मेपल असल्याने समोरासमोर, पॉइझन आयव्ही एकाआड एक. एका नजरेत निम्म्याहून अधिक नावं बाद होतात.

पायरी दुसरी: साधं पान की संयुक्त

कडुनिंबाच्या एका पानावर अनेक पर्णिका असतात, तसंच हिकरी, अक्रोड आणि ॲशचं असतं. पान कुठे संपतं आणि फांदी कुठे सुरू होते हे डोळ्यावरून कळतं. देठाच्या बुडाशी, फांदीला चिकटून डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. डोळा सापडेपर्यंत मागे मागे जा. सापडला की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.

आता मेपल आणि ॲश वेगळे झाले: मांडणी समोरासमोर आणि पान संयुक्त, तर बहुधा ॲश, साधं, पंजासारखं पान असेल तर मेपल. अपवाद बॉक्सएल्डरचा, तो संयुक्त पानाचा मेपल. त्याची कोवळी काडी हिरवी किंवा जांभळट असते आणि बी जोडीने येतं. ॲशचं बी वल्ह्यासारखं, एकेकटं. बकआयच्या पर्णिका पंजाच्या बोटांसारख्या एकाच बिंदूतून निघतात.

मेपल: पाकापासून फरशीपर्यंत

शुगर मेपलच्या पानाला पाच पाळ्या, पाळ्यांमधली खाच गोलसर, कड बारीक दातेरी नसलेली आणि डोळा तपकिरी, टोकदार. रेड मेपलची खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी, कड करवतीसारखी, काड्या आणि डोळे लालसर. सिल्व्हर मेपल खूप खोल कातरलेला, पानाची खालची बाजू चांदीसारखी. चौथा नॉर्वे मेपल युरोपातून आणून रस्त्याकडेला लावला गेला आणि आता रानात घुसला आहे. तो शुगर मेपलसारखा दिसतो, पण देठ तोडला की पांढरा चीक येतो. चीक आला तर तो शुगर मेपल नाही, एवढं पक्कं धरा.

शुगर मेपलच्या रसाचा गोड पाक (मेपल सिरप) करायचा असेल तर छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, खोडाचा घेर मोजा. घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास. व्यास १२ इंचांहून कमी असेल तर झाडाला भोक पाडू नका. रात्री गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा वर, असे दिवस उत्तरेत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्यातच रस वाहतो. ५/१६ इंचाच्या ड्रिलने दीड इंच खोल, किंचित वरच्या दिशेने भोक घ्या म्हणजे रस बाहेर येतो. जुन्या भोकाच्या थेट वर किंवा खाली नवं भोक नको. तिथलं लाकूड मेलेलं असतं आणि रस देत नाही. डोळे फुगायला लागले की थांबा, कारण त्यानंतरच्या रसाला उग्र चव येते.

रसात साखर दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून एक लिटर पाकाला साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. काम गुऱ्हाळाचंच आहे आणि ते घराबाहेर करावं. आत केलं तर वाफेने भिंती चिकट होतात. फेस उतू यायला लागला की लोण्याचा थेंब टाकला तरी तो बसतो. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याहून ४ अंश सेल्सियस वर गेलं की पाक झाला. आधी उतरवला तर तो आंबतो किंवा बुरशी धरते, जास्त आटवला तर बाटलीच्या तळाशी खडे बसतात. रंगाने काकवीची आठवण होईल, पण पाक तेवढा दाट नसतो.

शुगर मेपलचं लाकूड फिकट, घट्ट आणि बारीक छिद्रांचं. म्हणून बास्केटबॉलच्या मैदानाची फरशी, बोलिंगची पट्टी आणि भाजी चिरायचा पाट याचाच. रेड आणि सिल्व्हर मेपलला बाजारात ‘सॉफ्ट मेपल’ म्हणतात. फर्निचरला चांगलं, जास्त वर्दळीच्या जमिनीला नाही. घोडे पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: रेड मेपलची सुकलेली पानं घोड्याला विषारी असतात.

ॲश: ओळखून घेण्याची घाई

ॲशच्या पानात ५ ते ९ पर्णिका आणि जुन्या खोडावर सालीच्या उभ्या वरंब्यांची चौकडीची नक्षी. लाकूड लवचीक आणि चिवट, त्यामुळे बेसबॉलच्या बॅटी, फावड्याचे दांडे आणि वल्ही यासाठी वापरलं जातं. ब्लॅक ॲशचं ओंडकं बडवून वाढीची वलयं पट्ट्यांसारखी सोडवून घ्यायची आणि त्यांच्या टोपल्या विणायच्या, ही अनिशिनाबे, मोहॉक आणि वाबनाकी या मूळनिवासी लोकांची कला आजही जिवंत आहे.

पण झाड संकटात आहे. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातला हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि त्यानंतर त्याने कोट्यवधी ॲश मारले. अंगणात ॲश असेल तर शेंडा विरळ झालाय का बघा. सुतारपक्ष्यांनी साल सोलून फिकट पट्टे पाडलेत का, खोडावर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची तीन-चार मिलिमीटरची भोकं आहेत का, सालीखाली नागमोडी बोगदे आहेत का, हेही तपासा. साधारण ३० टक्क्यांहून कमी पालवी गेली असेल तर जाणकार वृक्षतज्ज्ञाकडून खोडात एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन देऊन झाड वाचतं. त्यापुढे गेलं तर वाट पाहू नका. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो, फांद्या न वाकता तुटतात, म्हणून त्यावर शिडी लावून चढणं जिवावर बेततं.

ओक: दोन घराणी

एकाआड एक साधं पान, फांदीच्या टोकाला डोळ्यांचा घोस आणि एकॉर्न हे टोपीवालं फळ दिसलं की तो ओक. नेमकी जात ठरवणं कठीण, कारण त्यांचे संकर होतात. घराणं ओळखणं मात्र सोपं. पाळ्या गोल आणि टोकाला केस नसेल तर व्हाइट ओकचं घराणं. पाळी टोकदार आणि टोकाला बारीक केस असेल तर रेड ओकचं. व्हाइट ओकचं फळ एका वर्षात पिकतं, रेड ओकचं दोन वर्षांत. नॉर्दर्न रेड ओकच्या सालीवर वरून खाली चमकदार, सपाट पट्टे दिसतात. बर ओकच्या फळाच्या टोपीला झालर असते. पिन ओकच्या खालच्या फांद्या जमिनीकडे झुकतात.

हा भेद लाकडात सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. व्हाइट ओकच्या गाभ्यातल्या नळ्या झाडच आतून फुग्यांसारख्या पडद्यांनी बुजवून टाकतं. रेड ओकच्या नळ्या उघड्या राहतात. रेड ओकचा दीड-दोन इंच लांबीचा, उभ्या रेषांचा तुकडा घ्या, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. बुडबुडे येतात. व्हाइट ओकमधून येत नाहीत. म्हणूनच दारूची पिंपं व्हाइट ओकची करतात. बर्बन व्हिस्कीला अमेरिकेच्या नियमाप्रमाणे आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंपच लागतं. बाहेर ठेवायची बाकं, नावा, उंबरे यांनाही व्हाइट ओक. रेड ओक घरातल्या फरशीला आणि जिन्याला उत्तम, पण अंगणात ठेवला तर पाणी पिऊन कुजतो. त्याचा चिरायचा पाटही करू नका. नळ्यांत रस शिरतो आणि धुऊन निघत नाही.

फळी रंधलेली असेल आणि पान-साल काहीच नसेल तर तिच्या रुंद बाजूवरच्या गडद, बारीक रेघा बघा. रेड ओकमध्ये त्या बहुतेक अर्ध्या इंचाच्या आत, व्हाइट ओकमध्ये पाऊण इंच आणि त्याहून लांब. रंगावर जाऊ नका; लालसर व्हाइट ओक आणि फिकट रेड ओक दोन्ही मिळतात.

ओकमध्ये टॅनिन भरपूर. हिरड्याचं पाणी लोखंडाला लागून काळं पडतं, तसेच ओल्या ओकवर साध्या खिळ्याभोवती निळेकाळे डाग पडतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. आणि उत्तर-मध्य राज्यांत एप्रिल ते जुलै ओकची छाटणी टाळा. ताज्या जखमेवर येणारे कीटक ओक विल्ट ही बुरशी पसरवतात आणि रेड ओक काही आठवड्यांतच वाळतो.

अक्रोड, हिकरी आणि त्यांच्यासारखं दिसणारं एक झाड

तिन्ही एकाआड एक, तिन्ही संयुक्त पानाची. इथे काडी उभी चिरा. ब्लॅक वॉलनट, म्हणजे आपण खातो त्या अक्रोडाचा इथला भाऊ, याचं भेंड शिडीसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. हिकरीचं भेंड भरीव. अक्रोडाला १५ ते २३ पर्णिका आणि टोकाची पर्णिका बऱ्याचदा गायब. शॅगबार्क हिकरीला ५ पर्णिका, वरच्या तीन मोठ्या, आणि साल लांब फळकुटांसारखी खोडापासून सुटून लोंबते. बिटरनट हिकरीचा डोळा गंधकासारखा पिवळा, फळ कडू.

तिसरं झाड ‘ट्री ऑफ हेवन’. आपल्याकडच्या महारुखाच्याच वंशातलं, चीनमधून आलेलं. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक-दोन जाड दाते आणि चुरगळलं की खवट वास. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडलेल्या स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किडीचं हे आवडतं झाड. नुसतं तोडलं तर मुळांतून डझनभर फुटवे येतात.

ब्लॅक वॉलनटच्या मुळांतून आणि टरफलातून जुग्लोन हे काही झाडांना मारक असलेलं द्रव्य पाझरतं. मोठ्या झाडापासून ५०-६० फुटांच्या आत टोमॅटो, बटाटा, वांगी लावली तर भर पाण्यात ती अचानक माना टाकतात. कांदा, घेवडा, मका तगतात. फळं जमवली की हातमोजे घालून हिरवं साल लगेच काढा, नाहीतर बोटं आठवडाभर काळी राहतात. पाण्यात टाकून तरंगणारी फेकून द्या आणि बुडालेली दोन आठवडे वाऱ्यावर सुकवा. याच्या भुश्शावर घोडा उभा केला तर त्याचे खूर सुजतात. लाकूड चॉकलेटी, स्थिर, रंध्याला मऊ. बंदुकीचे दस्ते आणि उंची फर्निचर त्याचं. वयाबरोबर ते फिकं होतं, तर चेरी गडद होते. दोन्ही एकाच टेबलात वापरणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

हिकरी हातोडी-कुऱ्हाडीच्या दांड्याला सर्वोत्तम. दांडा घेताना बुडाकडच्या वलयांच्या रेघा पात्याला समांतर आहेत का बघा. आडव्या असतील तर घाव बसताना तो चिरतो. वलयं रुंद असतील तर नाक मुरडू नका. हिकरी, ॲश, ओक यांत मोठ्या नळ्यांचा पोकळ पट्टा फक्त वसंतात बनतो, म्हणून झपाट्याने वाढलेल्या झाडात घट्ट लाकडाचा वाटा जास्त असतो आणि दांडा जास्त मजबूत होतो.

सालीवरून कळणारी

ब्लॅक चेरीची जुनी साल करपलेल्या पोह्याच्या पापडाच्या तुकड्यांसारखी. काडी खरवडली की कडू बदामाचा वास. कोमेजलेल्या पानांतून सायनाइड सुटतं, गुरांना घातक. अमेरिकन बीचची साल म्हातारपणीही गुळगुळीत, राखाडी, आणि डोळा लांब, सिगारसारखा. पेपर बर्चची पांढरी साल कागदासारखी सुटते. आपलं भूर्जपत्र हिमालयातल्या बर्चचंच. यलो बर्चची साल सोनेरी आणि काडीला विंटरग्रीन तेलाचा, म्हणजे दुखण्यावरच्या मलमासारखा वास येतो. उभ्या झाडाची साल सोलू नका. ती पुन्हा तशी येत नाही.

ट्यूलिप पॉपलर पॉपलर नाहीच. तो सोनचाफ्याच्या कुळातला. पानाचं टोक कात्रीने कापल्यासारखं, खोड सरळसोट. लाकूड हिरवट, स्वस्त, रंग मारायच्या कपाटांना योग्य. बासवुडचं पान हृदयाच्या आकाराचं, बुडाशी लंगडं. लाकूड कोरीवकामाला फार छान. ॲस्पेनच्या पानाचा देठ बाजूंनी चपटा असतो, म्हणून अगदी हलक्या झुळुकीतही पिंपळासारखी सळसळ चालते.

सरपण

लाकूड ‘कॉर्ड’ने विकतात: ४ बाय ४ बाय ८ फूट, म्हणजे १२८ घनफूट रचलेला ढीग. ‘फेस कॉर्ड’ त्याच्या तिसऱ्या भागाएवढाही असतो, तेव्हा मापं विचारूनच पैसे द्या. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ताज्या फोडलेल्या बाजूवर मीटर टोचा, बाहेरच्या टोकावर नको. टोक आधी सुकतं आणि आकडा खोटा दाखवतं. ॲश वर्षभरात तयार होतो, ओकला दोन उन्हाळे द्या. ओलं लाकूड जाळलं तर धुराड्यात काजळीचा थर जमतो आणि पुढे तोच पेट घेतो. सरपण जिथे जाळायचं तिथूनच घ्या, शक्यतो दहा मैलांच्या आतून. ॲशचा भुंगा बरेचदा गावोगाव पोहोचला तो कॅम्पिंगला निघालेल्यांच्या गाडीतल्या लाकडांतूनच.